चकमकीचं पिस्तूल आणि सरनोबतांची मिशी

“तर यातलं कुठलं घेऊ, उस्ताद?”

इंद्रजितराव सरनोबतांनी सतरंजीवर सात पिस्तुलं ओळीनं मांडली होती. सातही ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, गजानं ठासायची आणि मग देवाचं नाव घ्यायचं, अशी. परवाने, कागद, सगळं चोख. पिस्तुलांना पुसायला मऊ कापडसुद्धा वेगवेगळं.

उस्ताद दस्तगीर शिकलगार दगडावर वस्तरा लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वस्तरा दगडावरून गेला... आला... गेला.

इंद्रजितरावांनी घसा खाकरला. दोन पेट्रोल पंपांच्या मालकाला एकच गोष्ट दोनदा विचारायची सवय नव्हती.

“हे चांदीच्या तारेचं. हे लखनौचं. हे दुनळी. हे टोपीचं, याला चकमक लागत नाही, टोपीवर घोडा पडला की बार. आणि हे...”

“चहा घेणार?”

“मी पिस्तुलाचं विचारतोय.”

“मी चहाचं.”

ओट्यावर मसूर निवडत बसलेल्या बिस्मिल्लाचाची, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, गालातल्या गालात हसल्या. इंद्रजितरावांनी ते पाहिलं आणि डाव्या हातानं मिशीला पीळ दिला.

ती मिशी पाहण्यासारखीच होती. बारा वर्षं जोपासलेली. रोज सकाळी खोबरेल आणि मेण लावून तिची टोकं वर वळवलेली असत. पंपावर पेट्रोल भरायला आलेली माणसं आधी मिशी बघत आणि मग मीटर.

आणि याच मिशीवर आता बेतलं होतं.

इंद्रजितरावांच्या सासुरवाडीला, रांजणगिरीला, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की एक जुनी चाल होती. चिंचेच्या झाडाला हळदीच्या पाण्यानं भरलेलं मडकं टांगायचं. आसपासची हौशी मंडळी आपापली ठासणीची पिस्तुलं घेऊन येत. वीस पावलांवरून प्रत्येकाला एकच बार. मडकं फुटलं की पिवळं पाणी सांडायचं आणि फोडणाऱ्याला सासरेबुवा स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे.

इंद्रजितराव चार वर्षं बार काढत होते. चार वर्षं मडकं कोरडं... म्हणजे बाहेरून.

गेल्या वर्षी मेहुणा, सुजयसिंह, सगळ्यांसमोर म्हणाला होता, “दाजी, तुमची मिशी एवढी भारी आहे, तिलाच घ्या हातात. ती तरी लागेल मडक्याला.”

बायकासुद्धा हसल्या होत्या. मग इंद्रजितरावांच्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या खंडेनवमीला मडकं नाही फोडलं, तर इथंच, सगळ्यांसमोर मिशी उतरवीन!”

वर्ष कधी सरलं कळलं नाही. वर्षभरात त्यांनी आणखी चार पिस्तुलं घेतली. आज घटस्थापना होती, आणि कालच मेहुण्याचा फोन आला होता. न्हाव्याला वर्दी देऊन ठेवली आहे म्हणून.

हे सगळं त्यांनी उस्तादांना सांगितलं. थोडं वाढवून, थोडं गाळून.

उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली, आणि इंद्रजितराव चमकले.

उस्तादांचा चेहरा तुळतुळीत होता. दाढी नाही. मिशी नाही.

सात पिढ्या तलवारींना पाणी देणाऱ्या घराण्यातला माणूस, लांबलांबून लोक ज्याच्याकडं नेम शिकायला येतात तो... आणि ओठावर केस नाही! इंद्रजितरावांना वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत आलो की काय.

“उस्ताद, राग मानू नका. तुम्हाला मिशी कधी...?”

“होती.”

“मग?”

“चहा गार होतोय.”

चहा खरंच आला होता. इंद्रजितरावांनी तो बाजूला सरकवला.

“गेल्या साली कुठलं होतं हातात?” उस्तादांनी विचारलं.

“हे लखनौचं. डावीकडं ओढतं.”

“त्याच्या आदल्या साली?”

“दुनळी. ते उजवीकडं ओढतं.”

“मग दोन्ही एकदम उडवायची. मडकं मधोमध फुटलं असतं.”

ओट्यावर मसूर चाळायचा आवाज थांबला. चाचींचे खांदे हलत होते.

उस्ताद उठून आत गेले आणि एक आठवं पिस्तूल घेऊन आले. त्याच्यावर नक्षी नव्हती. दस्त्याला तडा गेलेला, त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. चकमक मात्र नवी होती.

“हे.”

“हे?” इंद्रजितरावांनी ते दोन बोटांत धरलं. “उस्ताद, हे बघून मडकंच हसेल.”

“हे चकमकीचं आहे. दोनदा बोलतं. चाप ओढला की ठिणगी पडते, या बाजूच्या पेल्यातलं रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, पेटतं... फुस्स. मग आग आतल्या दारूला लागते... धडाम.”

“माझं टोपीचं एकदाच बोलतं. ते बरं नाही का?”

“बरं आहे. पण त्यात माणूस सापडत नाही.”

इंद्रजितरावांना हे वाक्य कळलं नाही. पण न कळलेलं वाक्य ऐकलं की मान डोलवायची, हे त्यांना सासरेबुवांमुळे ठाऊक होतं. त्यांनी मान डोलवली.

“एकच अट,” उस्ताद म्हणाले. “भरताना बोलायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

गल्लीच्या मागं दगडाची जुनी खाण होती. तिन्ही बाजूंनी उंच कडा, समोर मातीचा मोठा ढीग. ढिगापुढं बांबूला एक मडकं टांगलेलं.

इंद्रजितरावांनी दारू ओतली.

“आमच्या पणजोबांकडं म्हणे असंच एक...”

त्यांनी गोळी ठेवली.

“...पण त्यावर सोन्याचं पाणी होतं. संस्थानिकांनी स्वतः...”

त्यांनी गजानं ठासलं. पेल्यात चिमूटभर रंजक घातलं. हात लांब केला. चाप ओढला.

फुस्स. धडाम.

पांढऱ्या धुराचा ढग उठला. तो विरला तेव्हा मडकं जागच्या जागी होतं आणि मातीच्या ढिगात लांबलचक काहीतरी रुतून थरथरत होतं.

तो गज होता. ठासून झाल्यावर बाहेर काढायचा राहून गेला होता.

उस्तादांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“भाला चांगला फेकता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितरावांनी गजावर नजर ठेवायचं ठरवलं, आणि ठरवलेलं बोलूनही दाखवलं.

“आज गज नाही विसरायचा. बघा उस्ताद, चिंधी ठेवली. गोळी ठेवली. ठासली. गज... हा बघा, काढला! रंजक. हां.”

फुस्स.

...

पुढचा आवाज आलाच नाही. इंद्रजितराव हात लांब करून उभे. बराच वेळ उभे. एक कावळा आला, मडक्यावर बसला आणि उडून गेला.

उस्तादांनी दारूचं शिंग हलवून पाहिलं. शिंगातली दारू होती तेवढीच होती. नळीत गोळी गेली होती, दारू नाही.

ती कोरडी गोळी स्क्रू लावून बाहेर काढायला पाऊण तास लागला. चाचींनी खाणीच्या तोंडाशी चहा आणून ठेवला आणि विचारलं, “काय झालं?”

“गोळी रिकाम्या पोटी गेली,” उस्ताद म्हणाले.

“नवरात्र आहे ना,” चाची म्हणाल्या. “उपास असेल तिला.”

तिसऱ्या दिवसापासून इंद्रजितराव भरताना गप्प राहू लागले. त्यांना ते जड गेलं. ओठ मिटले की मिशीची टोकं थरथरत, जणू बोलणं तिथून बाहेर पडायची वाट शोधतंय. पण बार बरोबर भरला जाऊ लागला.

फुस्स. धडाम. गोळी डावीकडं, खाली.

फुस्स. धडाम. डावीकडं, खाली.

“पिस्तूल डावीकडं ओढतंय,” इंद्रजितराव म्हणाले.

“हेही?” उस्ताद म्हणाले.

पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. “उस्ताद, माझी पिस्तुलं मला वापरू द्या. एकदाच.”

“तुमचीच आहेत.”

सातही पिस्तुलं खाणीत आली. चांदीच्या तारेच्या पिस्तुलाची गोळी डावीकडं खाली गेली. लखनौच्या पिस्तुलाचीही. टोपीवालं एकदाच बोललं आणि तेही खोटंच. दुनळीनं मात्र दोन गोळ्या दोन दिशांना पाठवल्या, त्यातल्या एकीनं मडक्याचा बांबू तासला. मडकं गोल गोल फिरू लागलं, आणि बघता बघता थांबलं.

सूर्य कड्याच्या मागं गेला. सतरंजीवर सात काळवंडलेली पिस्तुलं पडली होती.

इंद्रजितरावांनी मोबाइल काढून पाहिला. मेहुण्यानं फोटो पाठवला होता. न्हावी, हातात वस्तरा, शेजारी मेहुणा, आणि दोघंही हसतायत.

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. पण हात मिशीवरून निघेना.

“उस्ताद... बारा वर्षं झाली. माझ्या लेकीनं मला बिनमिशीचं कधी बघितलेलं नाही.”

उस्तादांनी ते ऐकलं. उठताना त्यांनी तांब्याच्या तारेचं पिस्तूल काखेत धरलं.

“उद्या मी भरून देतो,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त उडवा.”

सहाव्या दिवशी उस्ताद पाठ करून बसले. भरायचे, रंजक घालायचे, पिस्तूल मागं द्यायचे.

फुस्स. धडाम. डावीकडं, खाली.

फुस्स. धडाम. तेच.

तिसऱ्यांदा इंद्रजितरावांनी चाप ओढला.

फुस्स.

...

आणि काहीच नाही. धूर नाही, दणका नाही. नळी रिकामीच होती. उस्तादांनी नुसतं रंजक घातलं होतं.

धूर नसल्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडं वळलेलं. इंद्रजितरावांचे डोळे घट्ट मिटलेले. मान खांद्यात. आणि डावा हात वर येऊन मिशी झाकून बसलेला, जसं कुणी वाऱ्यात दिवा झाकतं.

बार उडाला नव्हता. इंद्रजितराव उडाले होते.

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग स्वतःचा डावा हात त्यांना दिसला.

“हा इथं कधी आला?” ते म्हणाले.

खाणीच्या तोंडाशी मसुराचं सूप हातातून निसटलं. चाची भिंतीला धरून हसत होत्या.

“माफ करा हां,” त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “पण आमची कोंबडी असंच करते. पिल्लावर.”

इंद्रजितराव लाल झाले. “हसा! तुम्हाला काय होतंय हसायला? माझी अब्रू टांगलीय तिथं झाडाला!”

“असं?” उस्ताद म्हणाले. “मी मडकं ऐकलं होतं.”

...

त्या दिवशी परतताना इंद्रजितरावांना ओसरीवर वस्तरा दिसला. तोच, पहिल्या दिवशीचा. उस्ताद पुन्हा त्याला दगडावर लावायला बसले.

“हा अजून झाला नाही? कुणाचा आहे?”

“गिऱ्हाईक यायचंय.”

सातव्या दिवशी इंद्रजितराव डावा हात पाठीमागं पट्ट्यात खोचून उभे राहिले. हात आला नाही. पण गोळी डावीकडंच गेली. हात बांधला तर खांदा वळला. खांदा आवळला तर मान वळली.

“एवढं मोठं अंग आहे,” उस्ताद म्हणाले. “कुठं कुठं बांधणार?”

आठव्या दिवशी इंद्रजितराव पेटून उठले होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्यांनी रात्रभर विचार करून दोन गोष्टी ठरवल्या होत्या आणि या वेळी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

पहिली, पिस्तूल डोळ्याजवळ धरायचं. लांब धरलं की हलतं.

दुसरी, रंजक चिमूटभर कशाला? ठिणगी चुकायलाच नको. पेला शिगोशीग भरायचा.

आणि मोठा दिवस जवळ आला म्हणून मिशीला आज मेण जास्त लावलं होतं.

उस्ताद घागरीतून पाणी पीत होते. त्यांनी घागर खाली ठेवली तेव्हा इंद्रजितरावांनी कोपरात हात दुमडला होता. नळीच्या मागच्या टोकाला जवळजवळ नाक टेकलं होतं.

“हात लांब...” उस्ताद म्हणाले.

फुस्स्स्स!

हा फुस्स नेहमीचा नव्हता. दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा होता.

धडाम तर झालाच. गोळी कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही.

मग वास आला. कोंबडी भाजताना येतो तसा.

...

चाचींनी पाण्याचा तांब्या आणला. मग आरसा आणला. आरसा देताना त्या हसल्या नाहीत. त्यावरूनच इंद्रजितराव समजले.

डोळे शाबूत होते. गालाला थोडी लाली, बस. मिशीची डावी बाजू डौलानं वर वळलेली, टोक चकचकीत. उजवी बाजू मात्र... तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या कडेसारखी. बोट लावलं तर काळा भुगा पडला.

इंद्रजितराव दगडावर बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या दगडावर जागा उरली.

“उद्या...” ते म्हणाले.

उद्या रांजणगिरीला सगळे असणार. सासरेबुवा, मेहुणा, न्हावी, लेक. अर्ध्या मिशीनं जायचं? आणि नाही गेलं तर वर्षभर लोक म्हणणार, घाबरला.

“उस्ताद, आता मी काय करू?”

उस्ताद ओसरीवर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात वस्तरा होता. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि मूठ इंद्रजितरावांकडं करून पुढं धरला.

“तयार आहे,” ते म्हणाले.

इंद्रजितरावांनी वस्तऱ्याकडं पाहिलं. मग उस्तादांच्या तुळतुळीत ओठाकडं. मग पुन्हा वस्तऱ्याकडं.

“पहिल्या दिवसापासून... माझ्यासाठी?”

“धार करायला वेळ लागतो.”

डावी बाजू उतरवताना इंद्रजितरावांचा हात एकदा थांबला. चाचींनी मान फिरवली. मग वस्तरा चालला. एक केस ओढला गेला नाही, इतकी धार.

सगळं झालं. खाणीतून वारा आला आणि बारा वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या वरच्या ओठाला लागला. ओठाला तो गार वाटला. तिथं आपलं काही अंग आहे, हेच ते विसरले होते.

ते उठले. न बोलता त्यांनी पिस्तुलाकडं हात केला.

उस्तादांनी शिंगाला बूच लावलं.

“आज नाही.”

“पण उद्या तर...”

“उद्या उद्याच.”

त्यांनी तारेचं पिस्तूल फडक्यात गुंडाळून इंद्रजितरावांच्या हातात दिलं.

घरी दार बायकोनं उघडलं. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“साहेब घरी नाहीत,” ती म्हणाली आणि दार लावायला लागली.

“अगं, मीच!”

आतून लेक धावत आली. थबकली. जवळ येऊन तिनं त्यांच्या ओठावर बोट फिरवलं.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुम्हाला इथं तीळ आहे!”

खंडेनवमीला रांजणगिरीच्या चिंचेखाली आधी कुणी ओळखलंच नाही. सासरेबुवांनी “या पाहुणे, कुठून आलात?” असं विचारलंसुद्धा. मग ओळख पटली, आणि चिंचेवरचे पक्षी उडाले एवढं हसू झालं.

न्हावी सतरंजीवर धोकटी मांडून बसला होता. त्यानं एकवार बघितलं, सुस्कारा सोडला आणि धोकटी गुंडाळायला लागला.

“माझं काम कुणीतरी केलंय,” तो म्हणाला. “चांगलं केलंय पण.”

सुजयसिंहाची मोठीच पंचाईत झाली. वर्षभर साठवलेले टोमणे त्याच्या तोंडात होते आणि त्यातला एकही आता बसत नव्हता.

“दाजी, हे काय? बार काढायच्या आधीच हरलात?”

“हो,” इंद्रजितराव म्हणाले.

सवयीनं त्यांचा डावा हात पीळ द्यायला वर गेला. तिथं काही नव्हतं. हात थोडा वेळ हवेत थांबला आणि खाली आला.

त्यांचा नंबर शेवटचा होता. त्यांच्याआधी अकराजणांनी धूर केला. मडकं शाबूत होतं.

फडक्यातून तारेचं पिस्तूल निघालं. कुणीतरी म्हणालं, “हे कुठल्या भंगारातलं?” इंद्रजितरावांना उत्तर सुचलं होतं, चांगलं सणसणीत. पण ते दारू ओतत होते.

दारू. चिंधी. गोळी. ठासली. गज बाहेर काढून जमिनीत रोवला. रंजक चिमूटभर.

“काय दाजी, मौनव्रत का?” सुजयसिंह म्हणाला. “आता पणाला लावायला काय उरलंय तुमच्याकडं?”

इंद्रजितरावांनी हात लांब केला. त्यांनी खरोखर विचार केला, आणि खरोखर काही सापडलं नाही.

चाप ओढला.

फुस्स.

आणि गंमत म्हणजे, ते तिथंच होते. डोळे उघडे. मडकं दिसत होतं. मडक्याच्या बुडाशी हळदीच्या पाण्याचा एक थेंब झिरपून आला होता, टपोरा, पडू की नको असा. एवढा वेळ असतो मधे, हे त्यांना आठ दिवसांत कळलंच नव्हतं. त्यांनी थेंबाकडं पाहिलं.

धडाम.

पिवळं पाणी चिंचेखाली असं सांडलं की सुजयसिंहाचा पांढरा झब्बा नवरदेवासारखा झाला.

पहिली टाळी न्हाव्यानं वाजवली.

दसऱ्याला सकाळीच इंद्रजितराव शिकलगार गल्लीत आले. डोक्याला सासरेबुवांनी बांधलेला फेटा, हातात आपट्याची पानं. चाचींनी सोनं घेतलं आणि न विचारता चहा आणून दिला. इंद्रजितरावांनी तो गरम गरम प्यायला.

उस्ताद अंगणात खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. ओठावर साबणाचा फेस. हातात तोच वस्तरा.

“फुटलं,” इंद्रजितराव म्हणाले.

“ऐकलं.”

“तुमचं पिस्तूल आणलंय परत. फडक्यात आहे.” ते जरा घुटमळले. “उस्ताद, माझी ती सात... त्यांत खोट काय आहे?”

“काही नाही. सातही चांगली आहेत.”

“मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?”

“सांगणार होतो. तुम्ही चहा घेतला नाही.”

इंद्रजितराव हसले. बराच वेळ हसले. मग त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, नव्यानं उघड्या पडलेल्या ओठावरून हळूच बोट फिरवलं. दोन दिवसांत तिथं खुंट आले होते. बोटाला टोचत होते.

“उस्ताद... एक विचारू? मिशी परत वाढवली, तर चालेल?”

उस्तादांनी आरशातूनच त्यांच्याकडं पाहिलं. मग नाकाचा शेंडा दोन बोटांनी वर धरला आणि फेसावर वस्तरा टेकवला.

“वाढवा की,” ते म्हणाले. “माझीपण रोज वाढते.”